ओवाळणीऐवजी आठ फेऱ्या

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५

भाऊबीजेला ताटात पाचशेची नोट टाकली, तर ताईनं ती उचलून माझ्याच खिशात कोंबली. म्हणाली, "पैसे नको. पोरीला बुद्धिबळाच्या स्पर्धेला संभाजीनगरला घेऊन जा. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन गेलं, आता राहिलेला कापूस वेचायला माणूस मिळंना. मला तीन दिवस हलता येत नाही." ओवाळून झालं होतं, कपाळावर कुंकू ओलं होतं, नाही कसं म्हणणार? झेरॉक्सचं दुकान मित्राच्या ताब्यात दिलं आणि आज सकाळी सातच्या गाडीनं अंबाजोगाई सोडली.

पोरगी दहा वर्षांची, पाचवीत. डाव शिकवला तो माझ्या वडिलांनी. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते. आप्पांचा डाव देशी: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढं जाणार, आणि शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येणार. गेल्या वर्षी शाळांच्या स्पर्धेत पोरीनं कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) करायचं सोडून राजा घोड्यासारखा उडवला. पंच आधी हसले, मग नियमाप्रमाणे समोरच्याला दोन मिनिटं वाढवून दिली. त्या दिवसापासून तिला यूट्यूबवरून 'नवा डाव' शिकवायचं काम माझ्याकडं आलं. आप्पा अजून म्हणतात, नव्या डावात राजाला काही मानच राहिला नाही.

कंडक्टरनं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट फाडलं. पोरगी हिशेबाला पक्की. म्हणाली, "मामा, बाईमाणसाला अर्धं आणि बारा वर्षांच्या आतल्यांना पण अर्धं. मग मला दोन्ही मिळून फुकट कामून नाही?" कंडक्टरनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घंटी मारली.

केजच्या पुढं रस्त्यावर ऊसतोडीचे ट्रॅक्टर लागायला लागले. ट्रॉलीत बाजा, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर पोरं. कारखान्यांचे बॉयलर पेटायची वेळ झाली, बीड जिल्हा निघाला. एका ट्रॉलीतल्या मुलीनं हात हलवला, आमच्या बाईंनीही हलवला. मग मला विचारलं, "तिची शाळा?" म्हटलं, तिकडं साखरशाळा असली तर असंल. ती गप्प बसली आणि कंपासपेटी उघडून बसली. त्या पेटीत कर्कटक नाही, कोनमापक नाही. वर्तमानपत्रातून कापलेला दिव्या देशमुखचा फोटो आहे, घडी पडून पडून कपाळावरून फाटलेला.

मांजरसुंब्याचा घाट उतरताना फर्माईश आली, "दिव्याची सांगा."

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. सांगणारा मी, पण चुका काढणारी ती. नागपूरची पोरगी, आई-वडील दोघंही डॉक्टर. ("जन्म ९ डिसेंबर २००५," असं मधेच.) मोठी बहीण बॅडमिंटनला जायची, हिलाही सोबत न्यायचे. पण ही एवढीशी, जाळीपर्यंत हात पोचेना. तिथंच बुद्धिबळाचा वर्ग चालायचा, तिथं बसवली. वय वर्षं पाच. सातव्या वर्षाच्या आत, २०१२ साली, सात वर्षांखालच्या मुलींची राष्ट्रीय विजेती. मग दहाखालच्या मुलींचं जगज्जेतेपद, मग बाराखालच्यांचं. २०२४ मध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींचं जगज्जेतेपद, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या मुलींना सोनं आणि तिसऱ्या पटावर खेळून हिला स्वतःचं आणखी एक.

"आणि बाटुमी?"

बाटुमी हे आमच्या गोष्टीतलं लंकादहन. जॉर्जियातलं समुद्राकाठचं गाव, जुलै २०२५, महिलांचा विश्वचषक. दिव्याला मानांकन पंधरावं. एकेक करत झू जिनेर, हरिका, माजी जगज्जेती तान झोंगयी यांना हरवून अंतिम फेरीत. समोर कोनेरू हंपी. हंपी ग्रँडमास्टर झाली २००२ साली, पंधराव्या वर्षी. तेव्हा दिव्या जन्मलीही नव्हती. मोठे दोन्ही डाव बरोबरीत, जलद डावांतला पहिलाही बरोबरीत, दुसरा दिव्यानं काळी मोहरी घेऊन जिंकला. तारीख २८ जुलै. एरवी ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म (स्पर्धेत ठरावीक दर्जाची कामगिरी केली की मिळतो तो) आणि २५०० चं रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) लागतं. तिच्याकडं एकही नॉर्म नव्हता, पण विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. पट आवरायच्या आत डोळ्यांत पाणी, आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली.

"मम्मी सोबतच होती ना?"

होती, म्हटलं. खरं म्हणजे ह्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त उत्सुकता त्या आईचीच आहे. पण ते दहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार.

बीडला चहा, गेवराईला शेंगदाण्याची पुडी, शहागडच्या पुलावरून गोदावरी दुथडी. पाचोड, आडूळ झोपेत गेलं. लॉज बरा निघाला. पाणी मात्र सकाळी सात ते आठ, असं काऊंटरवरच लिहिलेलं.

शनिवार, १ नोव्हेंबर

स्पर्धा एका मंगल कार्यालयात. १६०० च्या आतल्या रेटिंगवाल्यांची आणि आमच्यासारख्या बिनरेटिंगवाल्यांची. तीन दिवसांत आठ फेऱ्या, प्रत्येकाला ६० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जास्तीची. पालकांना हॉलमध्ये मज्जाव. आम्हाला बसायला 'वधूपक्ष' आणि 'वरपक्ष' अशा पाट्यांच्या दोन खोल्या. मी वधूपक्षात बसलो, मुलीकडचा म्हणून.

खोलीला हॉलच्या बाजूनं एक जाळीची खिडकी होती. पण हॉलमध्ये लग्नाचं कापड कमरेएवढ्या उंचीवर आडवं बांधलेलं, त्यामुळं दिसायचं फक्त खालचं. टेबलांचे पाय, खुर्च्यांचे पाय, माणसांचे पाय. आमच्या पोरीचे पाय सहज सापडले, कारण ते जमिनीला टेकत नव्हते. पांढरे मोजे, डाव्या मोज्याला अंगठ्याजवळ भोक, दोन्ही पाय एका तालात पुढं-मागं.

तासाभरात ती पायांची भाषा मला कळायला लागली. पाय जोरात हलताहेत म्हणजे समोरच्याची चाल आहे आणि बाई कंटाळल्या आहेत. घोट्यात घोटा अडकवला म्हणजे विचार चालू. एक पाय खुर्चीवर दुमडून घेतला म्हणजे काहीतरी मारायचा बेत आहे. दोन्ही पाय सरळ खाली आणि स्थिर, म्हणजे डाव गेला. पहिल्या फेरीत ते चाळिसाव्या मिनिटाला सरळ झाले.

दुसरी जिंकली, समोर तिच्याएवढाच बिनरेटिंगचा मुलगा होता. तिसरी हरली.

वधूपक्षातली मंडळी जुनीजाणती. जालन्याच्या एक बाई मेथी निवडायला घेऊन आल्या होत्या. पोरगा आठ वर्षांचा, ही त्याची बावीसावी स्पर्धा. परभणीचे एक मास्तर फोनवर जोड्या लागल्या की मोठ्यानं वाचून दाखवायचे, एसटी स्थानकावरच्या घोषणेसारखं. ऑनलाइन शिकवणीचा तासाचा भाव, कोण कुठल्या ओपनिंगचा, कुठल्या स्पर्धेत प्रवेशशुल्कात चहा येतो, सगळं इथं कळतं. एका आईनं पिशवीतून इंडक्शनची शेगडी काढली आणि खोलीतल्या प्लगला लावून खिचडी टाकली. मास्तर म्हणाले, "प्रज्ञानंदची आई पण अशीच शेगडी घेऊन जगभर फिरते."

त्यावरून विषय निघाला. प्रज्ञानंद २०१६ मध्ये दहाव्या वर्षी इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या एक पायरी खालचा किताब) झाला, जगात तोवर एवढ्या लहान वयात कुणी झालं नव्हतं. आई नागलक्ष्मी प्रत्येक स्पर्धेला सोबत, कुकरात रस्सम-भात. गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. पोराबरोबर फिरायचं म्हणून त्यांनी दवाखाना बाजूला ठेवला, घर आईच्या पगारावर चाललं. पोरगा बारा वर्षं सात महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला आणि १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून अठराव्या वर्षी जगज्जेता. हे बोलताना खोलीत एकदम शांतता पसरली. जो तो मनातल्या मनात आपला दवाखाना बंद करून बघत असावा. माझ्याकडं बंद करायला झेरॉक्सचं मशीन, आणि तेही हप्त्यावरचं.

मेथीवाल्या बाईंनी वेगळंच काढलं. "मुलीचं आणखी निराळं असतं हो." दिव्यानं २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या वाइक आन झीला स्पर्धा खेळल्यावर उघड लिहिलं होतं, की बघणाऱ्यांचं लक्ष माझ्या चालींपेक्षा कपडे, केस आणि बोलण्याच्या ढबीकडंच जास्त होतं. अठरा वर्षांच्या पोरीनं हे लिहायला काळीज लागतं. बाई म्हणाल्या, "डाव कसा खेळली ते कुणी विचारलंच नाही." आणि मेथीची जुडी झटकली.

तिसऱ्या फेरीनंतर मात्र माझ्याकडून चूक झाली. पोरगी बाहेर आली आणि मी पहिला प्रश्न केला, "हातातला डाव घालवलास कसा?" अर्ध्या तासापूर्वीच जिन्याखाली एक बाप पोराला हाच प्रश्न विचारत होता आणि मी मनात त्याला नावं ठेवत होतो. आमची काही बोलली नाही. गुलमंडीत नेऊन इमरती खाऊ घातली. अर्धी खाल्ली, अर्धी कागदात बांधून घेतली. "आप्पांना."

रविवार, २ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. लॉजशेजारच्या टपरीवर साबुदाणा खिचडी. स्थानकावर पंढरपूरच्या जादा गाड्या, टाळ-मृदंगासकट. रात्री क्रिकेटमध्ये मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत, नवी मुंबईला, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. त्यामुळं सकाळपासून पालकांचं निम्मं लक्ष तिकडं.

चौथी फेरी: उंट उचलायचा होता, कोपर हलला, बोट लागलं हत्तीला. समोरच्या मुलानं लगेच हात वर करून आर्बिटरला, म्हणजे पंचांना, बोलावलं. हात लावला की तीच सोंगटी हलवायची, नियम आहे. हत्ती हलला, मागचं घोडं उघडं पडलं, डाव गेला. पाचवी जिंकली, पटकन.

सहाव्या फेरीचं सविस्तर सांगायला हवं.

समोर एक निवृत्त गृहस्थ, काळ्या चपला, पायजमा. तासभर पोरीचे घोटे एकमेकांत अडकलेले. मग पाय सरळ झाले. गेला, म्हटलं. पण ती उठेना. मीच वैतागलो, हरलेला डाव सोडून द्यावा, उगाच म्हाताऱ्या माणसाला कशाला बसवून ठेवायचं? पाच मिनिटं गेली, दहा गेली. सरळ पाय तसेच. आणि मग एकाएकी डावा पाय हलला. भोकातून अंगठा बाहेर आलेला, तो वर-खाली, वर-खाली. काळ्या चपला मागं सरकल्या. गृहस्थ उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

बाहेर येऊन पोरीनं माझ्या हातातली स्पर्धेची पत्रिका घेतली, मागं चौकटी काढल्या. तिचा एकटा राजा पटाच्या कोपऱ्यात. त्यांच्याकडं राजा आणि वजीर. चार-पाच चालींत मात ठरलेली. घाईत त्यांनी वजीर आणून ठेवला तो तिच्या राजापासून बरोबर घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर: दोन घरं आडवी, एक घर खाली. वजीर तिथं बसला की कोपऱ्यातल्या राजाला शह लागत नाही, पण त्याच्या आजूबाजूची तिन्ही घरं मारली जातात. शह नाही आणि हलायला जागाही नाही. स्टेलमेट. बरोबरी, अर्धा गुण.

"तुला ठाऊक होतं ते तसं ठेवतील?"

"नाही. पण ते लई भराभर खेळायलते. म्हटलं, बसून बघावं."

गृहस्थ मागून आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, "मी मूर्ख आहे बाळा," म्हणाले आणि दोन्ही गालांत हसले. तिलाही कळेना हसावं की नाही.

संध्याकाळी लॉजवर तिनं फोन मागितला. गोव्यात कालपासून बुद्धिबळाचा विश्वचषक सुरू झालाय, २०६ खेळाडू, त्यात बाईमाणूस एकटी दिव्या. मी आधीच बघून ठेवलं होतं. पहिल्याच फेरीत ग्रीसच्या खेळाडूकडून हरून ती बाहेर पडली होती. दाखवावं की नाही, ह्या विचारात मी दोनदा दात घासले. शेवटी दिला.

बराच वेळ ती स्क्रीनकडं बघत राहिली.

"पहिल्याच फेरीत?"

"हो."

"रडली का?"

"ते नाही दिलेलं."

"बाटुमीला जिंकल्यावर रडलेली." जरा थांबून, "सर नसतील ना आता तिला सांगायला."

मला क्षणभर लक्षात आलं नाही. मग आठवलं, हेही मीच सांगितलेलं. दिव्याचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी, नागपूरचे, २०२० साली चाळिशीतच गेले. हिनं ग्रँडमास्टर व्हावं असं त्यांच्या फार मनात होतं, असं दिव्यानं बाटुमीनंतर सांगितलं होतं. मी म्हटलं, आता तिला दुसरे शिकवणारे आहेत, मोठमोठे. "तसं नाही," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

मध्यरात्रीच्या सुमारास रस्त्यावर फटाक्यांचा धडाका झाला. खाली उतरलो तर काऊंटरवरच्या टीव्हीपुढं वीस माणसं, कुणी कुणाला मिठी मारतंय कळत नव्हतं. मुलींनी विश्वचषक जिंकला होता. वर आलो. ती जागी होऊन बसलेली. "कोण जिंकलं?" सांगितलं. "बरं झालं," म्हणून परत आडवी.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सातवी हरली, आठवी जिंकली. आठपैकी साडेतीन गुण. मकबरा बघायचा राहिला.

निघताना मी आर्बिटरना विचारलं, साहेब, रेटिंगचं काय? पाच डाव रेटिंगवाल्यांशी झालेत, तेवढे लागतात असं ऐकलंय. भले माणूस. कागदावर मांडून दाखवलं. त्या पाच डावांत आमचा अर्धा गुण. त्यात १८०० रेटिंगच्या माणसाशी दोन डाव बरोबरीत सुटले असं समजून आणखी मिळवतात, नवा नियम. एवढं करून १४०० भरलं तर यादीत नाव येतं. पूर्वी १००० पुरायचं, २०२४ च्या मार्चपासून मर्यादा वाढली. त्यांनी बेरीज केली, भागाकार केला, तक्ता बघितला आणि पेन ठेवलं. थोडं कमी पडत होतं.

म्हणजे न खेळलेले दोन डाव धरूनही आम्ही बिनरेटिंगचेच. पोरगी मात्र खूश: "अठराशेवाल्याशी माझे दोन ड्रॉ!" बीड येईपर्यंत तिनं ते डाव कसे झाले असतील ते मला सांगितलं, चालींसकट.

रात्री साडेदहाला अंबाजोगाई. आप्पा ओट्यावर, पट मांडून. इमरतीचा पुडा पुढं केला, तो त्यांनी न बघता मांडीखाली सरकवला. "किती हरलीस?"

"चार. एक स्टेलमेट."

"ते काय?"

तिनं सगळ्या सोंगट्या बाजूला सारल्या, कोपऱ्यात काळा राजा ठेवला, गोरा वजीर दोन घरं आडवा, एक घर खाली, गोरा राजा लांब. आप्पांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. मग काळा राजा उचलला, घोड्यासारखा उडवला आणि वजीर मारून पटाबाहेर ठेवला.

"एवढं साधं सुचलं नाही तुला?"

"आप्पा, चालत नाही असं."

"आपल्या डावात चालतं."

"आपल्या डावात पण नाही चालत. आधी शह बसला की उडी गेली, तुम्हीच शिकवलंय. आणि उडी मारून मारता येत नाही."

आप्पांनी वजीर उचलून पुन्हा होता त्या घरात ठेवला. "बरं," म्हणाले, "तुझा राजा घे मग. मी वजीर घेतो. बघू."